वाटी परत कुणाला द्यायची?

पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला घरी सोडताना अमेरिकेतले डॉक्टर तीन गोष्टींची सक्त मनाई करतात. वाकायचे नाही, उचलायचे नाही, कमरेतून वळायचे नाही. किती वजन चालेल हे समजावून सांगायला तिथे दुधाच्या कॅनचे माप वापरतात. एक गॅलनचा भरलेला कॅन म्हणजे साधारण चार किलो, त्याहून जड वस्तूला काही आठवडे हात लावायचा नाही. पक्क्या घरात ही पथ्ये कटकटीची असली तरी निभतात. पण घरच चाकांवर असेल तर काय? तिकडे ज्याला आरव्ही म्हणतात त्या फिरत्या घराचा संसार नेमका वाकणे, उचलणे आणि वळणे या तीन क्रियांवरच चालतो. मुक्कामाला पोहोचल्यावर गाडी समतल करायला जॅक लावायचे, जमिनीलगतच्या नळाला पाण्याची नळी जोडायची, अंगठ्याहून जाड असलेली विजेची केबल ओढत खांबापर्यंत न्यायची आणि मैल्याच्या टाकीची नळी उकिडवे बसून गटाराच्या तोंडात नीट बसवायची. स्वयंपाकाच्या आणि ऊब देणाऱ्या शेगडीच्या गॅसची नेहमीची टाकी भरल्यावर सुमारे सतरा किलोंची होते. म्हणजे डॉक्टरांच्या मापाने चार दुधाचे कॅन, तेही एका हाताने आणि अंगापासून दूर धरून. पलंगापर्यंत जायला अरुंद पायऱ्या, न्हाणीघरात धड वळायला जागा नाही. कणा धड असेपर्यंत या सगळ्याची गंमत वाटते. तो बिघडला की हेच घर अंगावर येते.

असे आजारपण आले की आजूबाजूच्या गाड्यांमधली अनोळखी माणसे मदतीला धावतात, असा या फिरस्त्यांच्या जगाचा लौकिक आहे आणि त्याला आधारही आहे. हे जग लहान नाही. 2021 च्या एका सर्वेक्षणानुसार अमेरिकेतल्या सुमारे 1 कोटी 12 लाख कुटुंबांकडे आरव्ही होती. त्यांतली बहुतेक सुट्टीपुरती फिरणारी. पण निवृत्तीनंतर घरदार विकून कायमचे गाडीत राहायला गेलेले, ज्यांना तिथे ‘फुलटायमर’ म्हणतात, असेही लोक लाखांनी मोजावे लागतात. त्यांच्या संघटनांचा इतिहास बराच जुना आहे. एअरस्ट्रीम या चंदेरी ट्रेलरचा जनक वॉली बायम याच्या नावाचा क्लब 1955 साली निघाला. 1963 च्या जुलैमध्ये खग्रास सूर्यग्रहण पाहायला मेन राज्यातल्या हिंक्ली या गावी 26 कुटुंबे आपापल्या मोटारघरांतून जमली आणि त्या गाठीभेटीतून फॅमिली मोटर कोच असोसिएशन उभी राहिली. (ग्रहण सुटल्यावर आपल्याकडे आंघोळी होतात, तिथे संघटना झाली.) 1978 साली जो आणि के पीटरसन या दांपत्याने ‘एस्केपीज’ हा क्लब काढला, तो मुख्यतः कायम रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी. या माणसांविषयी बोलताना नेहमी एकच कारण सांगितले जाते: रस्त्यावरची माणसे दिलदार असतात. मला हे कारण अपुरे वाटते. दिलदार माणसे फ्लॅटच्या इमारतींतही राहतात आणि तरी शेजारच्या दाराआड कोण आजारी आहे याचा पत्ता त्यांना महिनामहिना नसतो. चाकांवरच्या वस्तीत जी माणुसकी दिसते ती तिथल्या राहणीच्या घडणीतून येते, आणि पाठीची शस्त्रक्रिया हा त्या घडणीचा कस पाहणारा फार चांगला प्रसंग आहे, असे माझे म्हणणे आहे.

कस कशाचा लागतो ते आधी पाहायला हवे, कारण अमेरिकी उपचारव्यवस्थेत शस्त्रक्रिया करणारे हात भरपूर आहेत, कमतरता आहे ती शस्त्रक्रियेनंतरच्या हातांची. सरकलेल्या चकतीचा दाबणारा तुकडा काढण्याच्या छोट्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला पुष्कळदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात. भूल दिलेल्या रुग्णाला एकट्याने टॅक्सीत बसून जायची मुभा सहसा मिळत नाही. घेऊन जाणारा आणि पहिली रात्र सोबत राहणारा एक जबाबदार प्रौढ माणूस रुग्णालयाला दाखवावा लागतो. तो नसेल तर ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाऊ शकते. एकट्या फिरणाऱ्या विधवेने किंवा विधुराने हा माणूस कुठून आणायचा? बरे, पासष्ट वर्षांवरच्यांना मिळणारा मेडिकेअर हा सरकारी विमा शस्त्रक्रियेचा मोठा खर्च उचलतो, पण केवळ जेवण करून देणे, आंघोळीला हात देणे, कपडे धुणे, बाजार आणून देणे एवढीच गरज असेल तर त्यासाठी तो पैसे देत नाही. कण्याला टायटॅनियमचे स्क्रू बसवायला पैसे आहेत आणि पायमोजा चढवून द्यायला नाहीत. मणके जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया असेल तर हाड पक्के जुळायला तीन ते सहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात. त्यांतले पहिले सहा आठवडे पायमोज्याचेच असतात.

इथे मराठी वाचकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो मुलांचा. मुले कुठे आहेत? प्रश्न रास्त आहे, पण त्यात जो ठपका दडलेला असतो तो बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी बसतो. अमेरिकेत आईवडिलांच्या आजारपणासाठी रजा मिळण्याचा देशव्यापी कायदा 1993 साली झाला. त्याने वर्षात बारा आठवडे रजा मिळते, पण बिनपगारी, आणि पन्नासहून कमी नोकर असलेल्या मालकांना तो लागूच नाही. पगारी रजेचा कायदा नसलेल्या दूरच्या राज्यात नोकरी करणाऱ्या मुलीने ॲरिझोनातल्या वाळवंटात उभ्या असलेल्या आईच्या गाडीपाशी सहा आठवडे राहायचे म्हणजे दीड महिन्याच्या पगारावर पाणी सोडायचे. ती येते, पण आठवडाभर येते. मुले परदेशी गेलेल्या पुण्या-मुंबईच्या, नागपूरच्या घरांना हे गणित समजावून सांगायची गरज नाही. गुडघ्याच्या किंवा पाठीच्या शस्त्रक्रियेला मुलगा दहा दिवसांची रजा काढून येतो आणि अकराव्या दिवसापासून समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंचा आधार असतो. फरक इतकाच की काकू वीस वर्षांपासून समोर राहतात. आरव्हीच्या पार्कमधली शेजारीण गेल्या मंगळवारी आलेली असते.

आणखी एक विपरीत गोष्ट पत्त्याची. गाडीत राहणाऱ्यालाही कायद्याच्या दृष्टीने एका राज्याचे रहिवासी असावे लागते, म्हणून बहुतेक फुलटायमर टेक्सास, साउथ डकोटा किंवा फ्लोरिडा यांपैकी एकाचा पत्ता घेतात. टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टन या छोट्या गावात एस्केपीजचे मुख्यालय आहे आणि तिथल्या टपालसेवेमुळे हजारो माणसे कागदोपत्री त्या गावची रहिवासी आहेत. मेडिकेअरच्या मूळ योजनेला देशभर मान्यता आहे, पण पासष्टच्या आतल्या माणसाचा खासगी विमा बहुधा त्या पत्त्याच्या आसपासच्या डॉक्टरांपुरता चालतो. मग पाठ मोंटानात धरली तरी शस्त्रक्रियेसाठी दोन हजार किलोमीटर खाली टेक्सासला यावे लागते. जिथे पत्ता असतो तिथे ओळख नसते आणि जिथे ओळख झालेली असते तिथे विमा चालत नाही. सुदैवाने पाठीच्या बहुतेक दुखण्यांत विचाराला वेळ मिळतो. जेम्स वाइनस्टाइन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतल्या अकरा राज्यांतील तेरा केंद्रांत झालेल्या मोठ्या अभ्यासाचे चकतीविषयीचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया केलेले आणि न केलेले, दोन्ही गटांतले रुग्ण दोन वर्षांत बरेच सुधारले होते. ठरलेल्या गटातून दुसऱ्या गटात जाणारे इतके निघाले की दोहोंची सरळ तुलना अवघड होऊन बसली, पण थांबून पाहणाऱ्यांचे सहसा भयंकर नुकसान होत नाही एवढे त्यातून दिसले. लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा येणे, पायातली शक्ती झपाट्याने जाणे ही लक्षणे मात्र याला अपवाद. तिथे तास मोजायचे असतात आणि जवळचे रुग्णालय गाठायचे असते, मग विमा कुठलाही असो. बाकीच्यांना तारीख निवडता येते, आणि तारखेबरोबर मुक्कामही. अनुभवी फिरस्ते म्हणूनच रुग्णालयाजवळचा पार्क निवडताना रस्ता, भाडे आणि झाडांची सावली पाहतात तसेच तिथे लांब मुक्कामाची माणसे किती आहेत हेही पाहतात.

आता मूळ प्रश्न. गेल्या मंगळवारी आलेली बाई अनोळखी माणसाच्या मैल्याची नळी धुवायला का तयार होते? सामाजिक मानसशास्त्रातला एक गाजलेला प्रयोग इथे आठवतो. 1973 साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षणसंस्थेतल्या चाळीस विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत व्याख्यान द्यायला पाठवले. वाटेत एक माणूस दाराशी कण्हत पडलेला असेल अशी योजना केलेली होती. काही विद्यार्थ्यांच्या व्याख्यानाचा विषय तर बायबलमधली परक्याला मदत करणाऱ्या वाटसरूची कथा हाच होता. मदतीला कोण थांबले? विषयाने फार फरक पडला नाही, धार्मिकतेच्या प्रकारानेही नाही. उशीर झाला आहे असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यातले दहा टक्के थांबले, ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले त्रेसष्ट टक्के. दयेविषयी बोलायला निघालेला माणूस दयेला पात्र असलेल्याला ओलांडून गेला, कारण त्याला वेळ नव्हता. आरव्हीच्या पार्कमध्ये निवृत्त माणसांपाशी जर काही मुबलक असेल तर तो वेळ. रॉबर्ट लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 36 अमेरिकी शहरांत अनोळख्यांना मदत करण्याचे प्रमाण तपासले (हा अभ्यास 1994 चा), तेव्हा सर्वांत जास्त संबंध आढळला तो लोकवस्तीच्या दाटीशी. जिथे दाटी जास्त, तिथे मदत कमी. पार्कमध्ये गाड्या जवळजवळ उभ्या असल्या तरी माणसे मोजकी असतात आणि सगळ्यांचे बरेचसे आयुष्य दाराबाहेर, खुर्ची टाकून चालते. घर इतके लहान की आजारपण आत मावत नाही. पट्टा बांधून एक एक पाऊल टाकणारा माणूस सगळ्यांना दिसतो, आणि दिवसभर उघडले नाही असे दारही दिसते.

याहून महत्त्वाची गोष्ट मला वाटते ती कामाच्या ओळखीची. शहरात शेजाऱ्याला मदत करावीशी वाटली तरी नक्की काय करावे ते कळत नाही, म्हणून आपण “काही लागले तर सांगा” असे म्हणून मोकळे होतो. सांगणाऱ्याला संकोच असतो, त्यामुळे ते वाक्य तिथेच विरते. पार्कमध्ये प्रत्येकाचा संसार एकाच साच्याचा असतो. टाकी किती दिवसांत भरते, थंडीच्या रात्री नळी गोठू नये म्हणून काय करावे लागते, गॅस कधी संपत येतो, हे शेजाऱ्याला न सांगता ठाऊक असते, कारण आज सकाळी त्याने स्वतःच्या गाडीसाठी तेच केलेले असते. स्वतःची टाकी उपसायला जातानाच तो शेजारच्या गाडीकडे बोट करून विचारतो, तुमचीही करून टाकू का? या प्रश्नात उपकाराचा सूर नसतो आणि नाही म्हणायला कारणही सापडत नाही. अमेरिकी संशोधक फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी 2008 साली दाखवले की मदत मागणारी माणसे समोरचा हो म्हणण्याची शक्यता फार कमी धरतात, काही प्रयोगांत तर निम्म्याने कमी. नकाराच्या भीतीने पुष्कळ मदत मागितलीच जात नाही. जिथे मागण्याची वेळच येत नाही तिथे ही भीती आपोआप बाजूला पडते.

आपल्याकडे शेजारणीने वाटीतून काही दिले तर ती वाटी रिकामी परत करत नाहीत. साखर तरी घालतात. उसनवारीचे हे व्याकरण जगात सगळीकडे थोड्याफार फरकाने आढळते, आणि त्यात दोन्ही पक्ष जागेवर असणे गृहीत धरलेले असते. देणाऱ्याला ठाऊक असते की वाटी परत येणार, घेणाऱ्याला ठाऊक असते की ती कुठे न्यायची. डोरोथी आणि डेव्हिड काउंट्स या मानववंशशास्त्रज्ञ दांपत्याने आधी पापुआ न्यू गिनीतल्या खेड्यांचा अभ्यास केला होता, जिथे देवाणघेवाण हाच समाजजीवनाचा कणा आहे. नंतर ते अमेरिका-कॅनडातल्या आरव्हीवाल्या वृद्धांकडे वळले, स्वतः त्यांच्यात जाऊन राहिले. 1992 साली त्यांचा एक निबंध आला आणि 1996 साली ‘ओव्हर द नेक्स्ट हिल’ हे पुस्तक. त्यांना पडलेला पेच असा: या माणसांना ना समान गाव, ना समान भूतकाळ, ना उद्या भेटण्याची खात्री. मग समाज उभा राहतो कशावर? त्यांनी दाखवले की अन्न वाटून खाणे, नव्याने आलेल्याचे स्वागत करून त्याची गाडी लावायला हात देणे आणि मदतीची देवाणघेवाण या रीतींमधून ही माणसे रोज नव्याने शेजार घडवतात आणि एकमेकांना कुटुंब म्हणू लागतात. यातले जे मला सर्वांत सूचक वाटते ते हे की इथे वाटी परत करता येत नाही. देणारा सकाळी निघून गेलेला असतो. घेणाऱ्यावर ऋण राहते, पण ते फेडायचे ठिकाण राहत नाही, म्हणून ते पुढे सरकते. पुढल्या पार्कात, पुढल्या वर्षी, दुसऱ्याच कुणाच्या तरी नळीपाशी ते उतरते. पाठीच्या रुग्णाला याचा एक सूक्ष्म फायदा होतो. जो माणूस सहा महिने कुणालाच काही उचलून देऊ शकणार नाही, त्याला समोरासमोरच्या फेडीच्या हिशेबात सतत ओशाळे राहावे लागले असते. इथे त्याने पूर्वी कुणासाठी तरी जॅक लावलेले असतात किंवा पुढे लावणार असतो, आणि तेवढ्यावर तो ताठ मानेने मदत घेऊ शकतो. निदान मानेला तरी ताठ राहायची परवानगी असते.

यावर एक आक्षेप सहज घेता येतो. ही माणुसकी वरवरची आहे, कारण ती तात्पुरती आहे. आठ दिवसांच्या ओळखीवर सूप आणून देणे सोपे, वर्षभर अंथरुणाला खिळलेल्याची सेवा करणे वेगळे. आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे. सरकारी जमिनींवरच्या मुक्कामाला बहुधा चौदा दिवसांची मर्यादा असते. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटजवळ हिवाळी मुक्कामाची खास क्षेत्रे आहेत, तिथे 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल असे सात महिने परवाना काढून राहता येते, पण तीही वाळवंटातली मोकळी जागा, गाडीपाशी नळ-वीज नसलेली. म्हणजे रुग्णाचा शेजार दर दोन आठवड्यांनी बदलणार हे धरून चालावे लागते. तरी मला वाटते की तात्पुरतेपणा हा या मदतीचा दोष असण्यापेक्षा तिची अट आहे. आठ दिवस करायचे आहे हे ठाऊक असल्यामुळेच माणूस पुढे होतो. कामाला शेवट दिसत असला की सुरुवात करायला धीर होतो, हे ज्याने घरात दीर्घ आजारपण काढले आहे त्याला सांगायला नको. आणि पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरची गरजही अशीच तुकड्यातुकड्यांची असते: पहिल्या रात्री सोबत, पहिला आठवडा जेवण, मग टाक्या आणि बाजार, टाके तपासायला जाताना गाडी. एकाच माणसाचे सर्वस्व ओतणारे प्रेम इथे लागत नाही, पाळीपाळीने हात लागतात. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात विरळ ओळखीचे बळ दाखवले होते. नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त मिळते, असे त्यांचे निरीक्षण होते. रस्त्यावर त्याच विरळ ओळखीतून बातमीऐवजी पाण्याचा कॅन येतो. पाळी तुटू नये याची काळजी घेणारे एक पात्रही तिथे असते, कॅम्प होस्ट. पार्कची देखरेख करण्याच्या बदल्यात फुकट जागा मिळालेले हे स्वयंसेवक हंगामभर तिथेच असतात आणि कालचा शेजारी गेला की आज आलेल्याला सांगतात, सात नंबरला पाठीचे ऑपरेशन झाले आहे, तिचा कचरा तेवढा नेत जा.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, आणि त्याला माझ्यापाशी पूर्ण उत्तर नाही. ही माणुसकी आपल्यासारख्या दिसणाऱ्यांपुरती आहे. पार्कमधली गर्दी बहुतांशी गोरी, पेन्शनधारी, घर विकून पैसा हाताशी असलेली. जेसिका ब्रुडर यांनी ‘नोमॅडलँड’ या 2017 च्या पुस्तकात जे लोक रंगवले ते तर घर परवडत नाही म्हणून जुन्या व्हॅनमध्ये राहणारे, हंगामी मजुरी करणारे, आणि त्यांच्यातही काळी माणसे इतकी कमी का, हा प्रश्न त्यांना पडला. अनोळखी जागी रात्री गाडी उभी करून झोपणे कुणाला सुरक्षित वाटते आणि कुणाला नाही, हे अमेरिकेत कातडीच्या रंगावर अवलंबून आहे, हे त्याचे एक उघड कारण. काळ्या आरव्हीधारकांची स्वतंत्र देशव्यापी संघटना आहे आणि एकट्या फिरणाऱ्यांचा ‘लोनर्स ऑन व्हील्स’ हा क्लबही आहे. सगळ्यांना सगळीकडे सारखे सामावून घेतले जात असते तर अशा संघटनांची गरज कमी भासली असती. तेव्हा पार्कमधला शेजार म्हणजे जातपात विसरलेली पंगत आहे असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. पण यातून माझ्या म्हणण्याला बाधा येत नाही, उलट पुष्टी मिळते. माणुसकी स्वभावातून येत असती तर ती निवड करताना दिसली नसती. ती घडणीतून येते, आणि घडणीत शिरायलाच ज्यांना अडसर आहे त्यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही. गाडी जुनी असो की पाच लाख डॉलरची, मैल्याची नळी सारखीच, हे खरे. मात्र त्या नळीपर्यंत पोहोचायला आधी पार्कच्या फाटकातून आत यावे लागते, आणि काही खासगी पार्क दहा वर्षांहून जुन्या गाड्यांना आतच घेत नाहीत.

तिसरी बाजू धोक्याची. शेजाऱ्याने केलेली प्रत्येक मदत हितकारक असतेच असे नाही. पाठीच्या रुग्णाला पलंगावरून उठवताना काखेत हात घालून ओढणे हा प्रेमाचा अपघात असतो. त्याला आधी कुशीवर वळवून, पाय खाली सोडत, धड सरळ ठेवून उठवायचे असते. वेदनाशामक अफूजन्य गोळ्या अनोळखी लोकांच्या येण्याजाण्याच्या जागी उघड्यावर ठेवणे धोक्याचे, आणि शेजाऱ्याच्या डब्यातली “मला हिचा फार गुण आला” अशी गोळी घेणे त्याहून धोक्याचे. ताप, जखमेतून पाझर, पोटरीची एका बाजूची सूज, धाप यांपैकी काही दिसले तर शेजाऱ्याने धीर द्यायचा नसतो, फोन लावायचा असतो. आणि दुसऱ्याची अवजड गाडी हलवून देताना काही घडले तर विम्याचा प्रश्न उभा राहतो. टीकाकारांचे याहून मोठे म्हणणे असे की अशा कौतुकाच्या गोष्टींमुळे व्यवस्थेच्या उणिवेवर पांघरूण पडते. पायमोज्याचे पैसे विम्याने द्यायला हवेत, ते सूप घेऊन येणाऱ्या बाईच्या माथी का? मला हा मुद्दा मान्य आहे. पण शेजाऱ्यांनी मदत थांबवली तर विमा सुधारेल असे मात्र कुणी सिद्ध केलेले नाही, तोवर रुग्णाला सहा आठवडे काढायचेच असतात.

शेजाराच्या मर्यादा सर्वांत आधी ओळखल्या त्या आरव्हीवाल्यांनीच, हे टीकाकार सहसा लक्षात घेत नाहीत. एस्केपीजच्या लोकांनी नव्वदच्या दशकात लिव्हिंगस्टनला ‘केअर’ नावाचे ना-नफा केंद्र उभारले. वय झाल्यामुळे ज्यांचा प्रवास कायमचा थांबला, किंवा शस्त्रक्रिया-आजारपणामुळे काही काळापुरता थांबला, अशांसाठी. तिथे खोली मिळत नाही. माणूस आपल्या गाडीसकट येतो, आपल्याच पलंगावर झोपतो, आणि केंद्राकडून तीन वेळचे जेवण, साफसफाई, डॉक्टरकडे नेण्या-आणण्याची सोय, परिचारिकेची देखरेख मिळते. त्यासाठी रुग्णाला पैसे मोजावे लागतात, देणग्यांचा हातभार असतो आणि बरेचसे काम गाड्या घेऊन आलेले स्वयंसेवक ठरावीक काळ राहून करतात. म्हणजे पाळीपाळीने हात लावण्याची पार्कमधली रीतच इथे नोंदवही आणि वेळापत्रक घालून पक्की केली आहे. सूप कुणी आणले तर आणले, यावर ज्यांना विसंबता येत नाही, त्यांच्यासाठी केलेली ही तजवीज. वृद्धाश्रमात जाताना माणसाला घर मागे ठेवावे लागते. इथे घर बरोबर येते, फक्त त्याची चाके थांबलेली असतात. काहींची पुढे पुन्हा सुरू होतात.

ज्यांची सुरू होतात त्यांच्या परवानग्यांचा क्रम मोठा चमत्कारिक असतो. गोळ्या थांबल्या, पायात जोर आला, की साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्जन गाडी चालवायची मुभा देतात. उचलायची मुभा मात्र, विशेषतः मणके जोडलेले असतील तर, त्यानंतर कितीतरी दिवसांनी मिळते. म्हणून एका सकाळी माणूस स्टिअरिंगवर बसतो, ज्यांनी सहा आठवडे केले त्यांच्यातले दोघे-तिघेच तोवर पार्कात उरलेले असतात, त्यांना हात करतो आणि शे-दोनशे किलोमीटरवरच्या नव्या पार्कात जाऊन उभा राहतो. गॅस संपत आलेला असतो. भरलेली टाकी अजून सतरा किलोचीच असते. तो शेजारच्या गाडीबाहेर खुर्ची टाकून बसलेल्या, नाव-गाव ठाऊक नसलेल्या माणसाकडे पाहतो.

“जरा हात लावता का?”